सातबाऱ्याबाहेरचं ताट

जून महिना होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात समाजमंदिरासमोरच्या कडुनिंबाखाली शेतीशाळा भरली होती. कृषी सहायक मन लावून शिकवत होते. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरायचं, तर ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून उगवण कशी तपासायची, हे त्यांनी करून दाखवलं. बीजप्रक्रिया झाली, पेरणीची खोली झाली. मग तणांचा रंगीत तक्ता उघडला. केना, कुर्डू, घोळ, माठ, तांदुळजा. तण दोन-चार पानांवर असतानाच फवारा, उशीर केला तर औषध लागू पडत नाही, असं ते सांगत होते. त्यांचं सांगणं पिकाच्या दृष्टीने बरोबर होतं. मागच्या बाजूला सतरंजीच्या कडेला बसलेल्या एका काकूंनी शेजारणीला हळूच विचारलं, "घोळ मेली तं मंग भाजी कायची कराव?"

हा प्रश्न पुढच्या रांगेपर्यंत पोहोचला नाही. पोहोचला असता तरी त्याला उत्तर मिळालं नसतं, कारण तो कृषी विस्ताराच्या अभ्यासक्रमात कुठेच बसत नाही. त्या तक्त्यावर तण म्हणून छापलेल्या पाच वनस्पतींपैकी पाचही भाज्या आहेत. आषाढ-श्रावणात कोरडवाहू घरातल्या बाईला त्या फुकट मिळतात, निंदताना ओट्यात गोळा होतात आणि संध्याकाळी डाळीत पडतात. विस्ताराच्या भाषेत जे तण आहे, ते स्वयंपाकघराच्या भाषेत कालवण आहे. या दोन भाषांमध्ये दुभाषा कोणीच नाही.

कृषी विस्तार आणि घरातलं पोषण यांच्याबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा असं गृहीत धरतो, की विस्ताराचं काम पिकाचं, पोषण हा वेगळा विषय, आणि आता या दोघांना कुठे तरी जोडायचं आहे. मला हे मांडणीतच चुकलेलं वाटतं. ते आधीपासून जोडलेलेच आहेत. शेतकऱ्याला कोणतं पीक लाव, कोणत्या अंतरावर लाव, मधल्या जागेत काय ठेव आणि काय मार, हे सांगणारी यंत्रणा त्या घराचं ताट रोज घडवत असते. ती पोषणाबाबत कधीच तटस्थ नव्हती. फक्त तिला त्याचा हिशेब कोणी मागितला नाही.

विदर्भातल्या जुन्या पऱ्हाटीच्या वावराची रचना आठवून पाहा. कपाशीच्या काही तासांनंतर, म्हणजे ओळींनंतर, एक तास तुरीचं. मध्ये मूग, उडीद. कुठे ज्वारीच्या ओळी. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला अंबाडी, चवळी, भेंडी, वाल, एखादा काकडीचा वेल. हे सगळं कोणा तज्ज्ञाने आखून दिलेलं नव्हतं. घरातल्या बाईने पेरणीच्या दिवशी पदराच्या गाठीतून आणलेलं मूठभर बी त्यात असायचं. मूग भाद्रपदात यायचा, चवळीच्या शेंगा त्याच सुमारास, ज्वारी दिवाळीच्या पुढेमागे, तूर संक्रांतीनंतर. एकाच वावरातून घराला महिन्यामहिन्याने काही ना काही मिळत राहायचं. मग शुद्ध पिकाची शिफारस आली. ओळीतलं अंतर ठरलं, फवारणीचं वेळापत्रक ठरलं, आणि मिश्र वावर हे मागासलेल्या शेतीचं लक्षण ठरलं. शिफारशींमध्ये आंतरपीक आजही आहे, कपाशी-तूर किंवा सोयाबीन-तूर असं. पण त्यात आंतरपिकाचं समर्थन जोखीम आणि नफा या दोनच शब्दांत केलं जातं. त्या तुरीतली किती घरात ठेवायची, हे कोणत्याही घडीपत्रिकेवर मी वाचलेलं नाही.

ज्वारीची गोष्ट तर अधिक खोल जाते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात ६० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर ज्वारी होती. आज ते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आलं आहे, आणि विदर्भातली खरीप ज्वारी तर जवळजवळ दिसेनाशी झाली. तेव्हा नगण्य असलेलं सोयाबीन त्याच काळात ५० लाख हेक्टरांच्या घरात गेलं. ज्वारी गेली म्हणजे केवळ भाकरी गेली नाही. कडबा गेला. कडबा गेला तशी दावणीची गाय-म्हैस पोसणं अवघड झालं, आणि जनावर गेलं तसं घरचं ताक-दूध गेलं. ज्या घरात सकाळी लेकराला भाकरी दुधात कुस्करून देत, तिथे आज पाच रुपयांचा बिस्किटपुडा आहे. ही साखळी ज्वारीपासून बिस्किटापर्यंत जाते, पण तिची एक कडी कृषी खात्यात, दुसरी पशुसंवर्धनात, तिसरी महिला व बालविकासात आणि चौथी कुठेच नाही. म्हणून ती कोणालाच पूर्ण दिसत नाही.

सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात. आपल्या वावरात इतकं प्रथिन पिकवणारं दुसरं पीक नाही. आणि ते जवळपास सगळंच्या सगळं बाजार समितीतून तेलगिरणीत जातं, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात किंवा परदेशी जाते. ते कच्चं खाता येत नाही, उकळून, वाळवून, मगच दळावं लागतं, आणि गव्हाच्या पिठात थोड्याच प्रमाणात मिसळावं लागतं. कृषी विज्ञान केंद्रांत याची प्रशिक्षणं होतात, हेही खरं. पण ती गृहविज्ञानाच्या खोलीत होतात, निवडक महिलांसाठी. सोयाबीनची शिफारस मात्र गावोगावी, वावरोवावरी पोहोचली. पेरायला सांगणारा आवाज मोठा होता आणि खायला शिकवणारा फार बारीक.

यावर एक जुना, वजनदार आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. आक्षेप असा, की शेतकऱ्याने पोटापुरतं पिकवत बसावं का? त्याला जे फायद्याचं ते पिकवू द्या, हातात पैसा आला की तो डाळही घेईल, दूधही घेईल, अंडीही घेईल. विस्ताराचं काम उत्पन्न वाढवणं, बाकी घर पाहून घेईल.

यात तथ्य आहे. गरिबीत पोषण सुधारत नाही, आणि कोरडवाहू शेतकऱ्याला स्वयंपूर्णतेच्या नावाखाली गरीबच राहायला सांगणं अन्यायाचं आहे. पण पैसा कधी येतो आणि भूक कधी लागते, हेही पाहायला हवं. सोयाबीन-कपाशीचा पैसा दसरा-दिवाळीपासून पुढे येतो, एकगठ्ठा येतो, आणि येण्याआधीच कृषी केंद्राच्या उधारीत, पीककर्जात, मुलीच्या लग्नात वाटला गेलेला असतो. आषाढ ते भाद्रपद हे तीन महिने घरात रोकड सगळ्यात कमी असते. त्याच महिन्यांत बाजारात भाजी महाग असते. त्याच महिन्यांत निंदण-डवरणीचं काम सगळ्यात जास्त असतं, म्हणजे अंगावर पिणारं मूल घरी ठेवून आई दिवसभर वावरात असते. आणि त्याच महिन्यांत पावसाळी पाण्याने लेकरांना हगवण लागते. वर्षाचं सरासरी उत्पन्न या तीन महिन्यांबद्दल काहीच सांगत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला दिवाळीपर्यंत थांबता येत नाही. मेंदूची आणि शरीराची जी वाढ त्या दिवसांत व्हायची, ती नंतर भरून निघणं फार कठीण.

शिवाय महाराष्ट्राचाच दाखला पुरेसा आहे. उत्पन्नात देशात पुढे असलेल्या या राज्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने कृश आढळली. देशाचा आकडा १९.३ होता. वयाच्या मानाने कमी वजनाची मुलं ३६.१ टक्के, देशात ३२.१. राज्यातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी होत्या. याची कारणं अनेक आहेत, लवकर लग्न, दोन बाळंतपणांतलं अंतर, पाणी, शौचालय, आजारपण. सगळा दोष शेतीच्या माथी मारणं चूक ठरेल. पण उत्पन्न वाढलं की ताट आपोआप सुधारतं, या विश्वासाला हे आकडे आधार देत नाहीत, एवढं मात्र नक्की.

ही दोन कामं एकमेकांपासून तुटली कधी? मला हा या विषयातला सगळ्यात शिकण्याजोगा भाग वाटतो, कारण ती नेहमीच तुटलेली नव्हती. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. त्यात शेतकऱ्याच्या मुलांना शेतीचं शिक्षण द्या, नवी अवजारं-पद्धती दाखवा, प्रदर्शनं भरवा, अशा मागण्या आहेत. आज आपण ज्याला कृषी विस्तार म्हणतो, त्याची ही मराठीतली पहिली ठाम मागणी म्हणता येईल. आणि त्याच पुस्तकात शेतकऱ्याच्या घरातलं, खाण्यापिण्याचं, कपड्यालत्त्याचं तपशीलवार वर्णनही आहे. फुल्यांच्या नजरेत वावर आणि चूल हे दोन विषय नव्हते.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हाही ही नजर काही प्रमाणात शिल्लक होती. ग्रामसेवकाच्या जोडीला ग्रामसेविका होती. परसबाग, बाळाचा आहार, निर्धूर चूल ही तिची कामं. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ओरिसात युनिसेफच्या मदतीने उपयोजित आहार कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे इतर राज्यांत पसरला. गावातच भाज्या, फळं, अंडी, मासे पिकवायचे आणि ते गर्भवती व मुलांच्या ताटात जातील हे पाहायचं, अशी त्याची कल्पना होती. तो फार यशस्वी झाला असं म्हणता येत नाही. पिकवलेलं अनेकदा विकलं गेलं, मुलांपर्यंत पोहोचलं नाही. पण निदान प्रश्न योग्य जागी विचारला होता.

मग सत्तरच्या दशकाच्या मध्यावर दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. जागतिक बँकेच्या पाठबळाने प्रशिक्षण व भेट पद्धत आली. तिचा शिल्पकार डॅनियल बेनॉर. तिचं तत्त्व साधं आणि कडक होतं. गावपातळीवरच्या कार्यकर्त्याच्या गळ्यातली बाकी सगळी कामं काढा, त्याला फक्त पीक द्या, पंधरवड्याला ठरलेल्या दिवशी प्रशिक्षण, ठरलेल्या दिवशी गावभेट, आणि निवडक संपर्क शेतकऱ्यांमार्फत मोजके मुद्दे पोहोचवा. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातही ही पद्धत रुजली. दुसरी गोष्ट, २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी आली. दोन्ही आपापल्या जागी आवश्यक होत्या. हजार कामांनी वाकलेल्या ग्रामसेवकाला एकच काम देण्यात शहाणपण होतं, आणि अंगणवाडीने या देशातली किती मुलं जगवली याची मोजदाद नाही. पण या दोन चांगल्या निर्णयांच्या मधल्या फटीत एक गोष्ट पडली. पीक एका खात्याचं झालं आणि मूल दुसऱ्याचं. ते मूल त्याच पिकावर जगतं, हे कोणाचंच काम उरलं नाही. प्रशिक्षण व भेट पद्धत नव्वदच्या दशकात मोडीत निघाली, पण तिने घातलेली ती भिंत अजून उभी आहे.

गावात ती रोज दिसते. अंगणवाडी सेविकेच्या वहीत कोणतं मूल तीव्र कुपोषित, कोणतं मध्यम, याची नावानिशी नोंद असते. कृषी सहायकाच्या वहीत त्याच घराचा गट नंबर, पीक, अनुदानाचा अर्ज असतो. दोघांचं कार्यालय कधी कधी एकाच आवारात असतं. पण ज्या घरातलं मूल सुकतंय, त्या घरी यंदा मुगाचं बी द्यावं, एवढा साधा निरोप एका वहीतून दुसरीत जात नाही.

हे जोडलं तर काही फरक पडतो का, की ही फक्त सदिच्छा आहे? याचं उत्तर ओडिशातल्या केओंझर जिल्ह्यात काळजीपूर्वक शोधलं गेलं. 'उपवन' नावाच्या त्या प्रयोगात १४८ गावसमूह चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गटांत वाटले. एका गटात महिलांच्या बचत गटांना पंधरवड्याला पोषणाचा विचार केलेल्या शेतीचे व्हिडिओ दाखवले. ते स्थानिक लोकांनीच, स्थानिक बोलीत बनवलेले होते. दुसऱ्यात शेतीच्या व्हिडिओंसोबत आहार-संगोपनाचेही दाखवले. तिसऱ्यात शेतीच्या व्हिडिओंना महिलांच्या सभांची जोड दिली, ज्यांत बायकांनी स्वतःच आपल्या अडचणी मांडायच्या, क्रम लावायचा आणि उपाय ठरवायचा. चौथा गट तुलनेसाठी. २०२१ साली लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात निष्कर्ष आले. पुरेसं विविध अन्न मिळणाऱ्या मुलांचं प्रमाण फक्त शेतीच्या व्हिडिओंनी साधारण १.२ पट झालं, आणि सभांची जोड मिळाली तिथे १.२७ पट. आयांच्या ताटातही तसाच फरक पडला. निम्मी शेती नि निम्मं आहारशिक्षण अशा मिश्रणाचा मुलांच्या ताटावर मात्र परिणाम दिसला नाही.

या निष्कर्षाचा अर्थ मी असा लावतो. बाईला काय खावं हे सांगण्याची गरज आपल्याला वाटते तेवढी नसते. पिकवायचं कसं, आणि घरात आपलं म्हणणं चालवायचं कसं, याचा आधार तिला हवा असतो. आहाराचं व्याख्यान शेतीच्या वेळेतून वेळ खातं, तेव्हा दोन्ही पातळ होतात.

याच प्रयोगात मुलांचं कृशपण आणि आयांचा बांधा मात्र बदलला नाही. ही बाजू लपवून कोणी कृषी विस्ताराची जाहिरात करू नये. ताट सुधारणं ही पहिली पायरी. त्यापुढे पाणी, हगवण, आईचं लग्नाचं वय, तिच्या डोक्यावरचं ओझं, अशा अनेक पायऱ्या आहेत, आणि त्या कृषी सहायक एकटा चढवू शकत नाही. पण पहिली पायरीच त्याच्या हातात आहे, आणि ती आपण त्याला दाखवलेलीच नाही.

बांगलादेशात सरकारी कृषी खात्याच्याच गावपातळीवरच्या अधिकाऱ्यांना पोषणाचं प्रशिक्षण देऊन नवरा-बायको दोघांना एकत्र बसवून शिकवण्याचा प्रयोग झाला. हे आमचं काम नाही, असं आपल्याकडे अधिकारी सहज म्हणतात. तिथे ते त्यांचंच काम केलं गेलं, आणि त्यांनी ते नीट केलं. नवरा-बायकोला एकत्र बसवण्याचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. चवळी लावायची हे बाईला पटलं, पण तास ठेवायचं की नाही हे नवऱ्याने ठरवलं, तर शिकवणीचा उपयोग काय?

इथे आपण मूळ गाठीपाशी येतो. आपल्या विस्तार यंत्रणेच्या लेखी शेतकरी म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस. अनुदान त्याच्या खात्यात, प्रात्यक्षिक त्याच्या गटात, फोनवरचा हवामानाचा संदेश त्याच्या नंबरवर. २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांमध्ये स्त्रियांचं प्रमाण साधारण १४ टक्के होतं. म्हणजे पेरणीपासून वेचणीपर्यंत जिचे हात वावरात असतात आणि त्या वावरातून आलेलं जी शिजवते, वाढते, उरलंसुरलं स्वतः खाते, ती या यंत्रणेला शेतकरी म्हणून दिसतच नाही. आणि सातबाऱ्याच्या पीकपाहणीत तिचं पीकही दिसत नाही. आता ई-पीक पाहणी मोबाइलवर आली, मिश्र पीक नोंदवता येतं. पण धुऱ्यावरची मूठभर अंबाडी, परसातला दोडका यांना तिथे जागा नाही. जे नोंदलं जात नाही ते मोजलं जात नाही, आणि जे मोजलं जात नाही त्यासाठी लक्ष्यांक येत नाही.

हा विचार मराठी मातीला परका नाही. शेतीमालाच्या भावासाठी आयुष्य घालवलेल्या शरद जोशींनीच १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन घेतलं, पुढे लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, आणि नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा यासाठी गावोगाव मोहीम चालवली. नव्वदच्या सुरुवातीला त्यांनी चतुरंग शेती मांडली. तिचे चार भाग म्हणजे सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती. निर्यातीची भाषा बोलणारा माणूस यादीत पहिला क्रम सीताशेतीला देतो, घरातल्या बाईच्या ताब्यातल्या, घराच्या ताटासाठी पिकवलेल्या तुकड्याला देतो, याची आपण पुरेशी दखल घेतली नाही. बाजार आणि ताट ही दोन वेगळी उद्दिष्टं आहेत, दोन्ही मानाची आहेत, आणि एकाच वावरात दोघांना जागा करता येते, एवढं त्यात स्वच्छ होतं.

पुढे मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने जवळपास हेच वेगळ्या वाटेने करून दाखवलं. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईच्या निर्णयाखाली आणायचा, त्यात कमी पाण्याची धान्यं, कडधान्यं, भाज्या घ्यायच्या, घरचं खाऊन उरलेलं विकायचं. संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा मला दुष्काळातली त्यामागची दृष्टी मोलाची वाटते. ऊस किंवा सोयाबीन गेलं तरी घरात खायला राहतं, म्हणून नवरेही हळूहळू त्या तुकड्याचं महत्त्व मानू लागतात. वर्धा जिल्ह्यातल्या काही गावांत एम. एस. स्वामिनाथन यांच्या प्रतिष्ठानने पोषणाधारित शेतीचा प्रयोग केला, तिथेही कडधान्याचं आंतरपीक आणि भाजीची बाग यांनी ताटातली डाळ-भाजी वाढली. आणि अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या देशी वाल-घेवड्याच्या बियाण्यांची कहाणी तर आता सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण कौतुकाच्या पुढे जाऊन विचारायचं ते असं, की त्यांच्याकडचं ज्ञान किती तालुक्यांच्या खरीप नियोजनात उतरलं?

आता दुसरा आक्षेप. हे सगळं जुन्या दिवसांचे गोडवे गाणं नाही का? शेतकऱ्याने ज्वारी उगाच सोडली नाही. खरिपाच्या ज्वारीचा दाणा ऐन काढणीत पाऊस लागून काळा पडतो. पाखरं आणि रानडुकरं उभं पीक खातात. काढणी-मळणीला मजूर नाहीत. भाव नाही. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. भाकरी थापायला वेळ लागतो, आणि ज्या बाईला दिवसभर वावरात राबायचं आहे तिला पोळीची कणीक सोयीची. हे सगळं मान्य करायला हवं. तणनाशकाचंही तसंच. ज्या निंदणाने बाईची कंबर मोडते ते काम एका फवारणीत होतं, तर तिने ते का नाकारावं? घोळीच्या भाजीसाठी बाईने जन्मभर वाकून निंदावं, असं मी म्हणत नाही, आणि म्हणणाऱ्याला तो अधिकार नाही.

पण हीच तर विस्ताराची खरी परीक्षा आहे. काळा न पडणारा ज्वारीचा वाण, कमी मजुरीची मळणी, निंदणाचं ओझं कमी करून भाजीची जागा राखणारी पद्धत, हे संशोधनाचे आणि विस्ताराचे प्रश्न आहेत. यंत्रणेने ते हाती घेतलेच नाहीत असंही नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेच्या साथीने लोह-जस्त अधिक असलेली 'परभणी शक्ती' ज्वारी काढली. राहुरीच्या विद्यापीठाच्या साथीने त्याच संस्थेने बाजरीचा 'धनशक्ती' वाण आणला. अशा लोहयुक्त बाजरीची परीक्षा महाराष्ट्रातल्याच वसतिगृहांत झाली. बारा ते सोळा वर्षांच्या २४६ मुलामुलींना तिची भाकरी आणि शेव खायला दिली, आणि चार महिन्यांत शरीरातला लोहाचा साठा वाढलेला दिसला, हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. भाकरी आणि शेव, म्हणजे औषधाची गोळी नाही, परकं पीठ नाही. पण मग हे बियाणं कृषी सेवा केंद्राच्या फळीवर किती दिसतं? तालुक्यातली एक तरी अंगणवाडी त्याच तालुक्यातली ही बाजरी विकत घेते का? संशोधन झालं, वाण आला, आणि पुन्हा तीच भिंत आडवी आली.

आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. शेतकऱ्याला सल्ला देणारा मुख्य माणूस आज कृषी सहायक नाहीच. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१३च्या पाहणीत देशातल्या सुमारे ५९ टक्के शेतकरी कुटुंबांना कुठूनही तांत्रिक सल्ला मिळालेला नव्हता. ज्यांना मिळतो त्यांतल्या अनेकांना तो बियाणं-औषधाच्या दुकानात मिळतो. दुकानदार वाईट नसतो, अडीअडचणीला उधारी तोच देतो. पण त्याचा सल्ला विकल्या जाणाऱ्या वस्तूपाशी संपतो. अंबाडीचं बी, घरचं शेणखत, धुऱ्यावरचा शेवगा यात विकण्यासारखं काही नाही. म्हणूनच बाजाराला ज्यात रस नाही तो सल्ला देणं हे सरकारी विस्ताराच्या अस्तित्वाचं सगळ्यात भक्कम कारण आहे. बोंडअळीवर कोणतं औषध मारायचं हे सांगायला कंपनीचा माणूस गावात येतोच. घरातल्या दोन वर्षांच्या पोरासाठी मूग कुठे लावायचा, हे सांगायला कोणीही येत नाही.

भूमिहीनांचा प्रश्न मात्र या सगळ्या मांडणीत अवघड राहतो. ज्या घराला वावरच नाही, त्याला विस्तार यंत्रणा काय सांगणार? आणि कुपोषित मुलं तर अशाच घरांत जास्त सापडतात. दोन कोंबड्या, एखादी शेळी, छपरावर चढलेला भोपळ्याचा वेल, एवढ्याने भागत नाही हे खरं. पण तेवढंही सध्या कोणाच्या कामात नाही. शिवाय मालकाच्या वावरातली रानभाजी मजूर बाईच्याच घरी सगळ्यात जास्त जाते. धुरा साफ झाला की तिचं ताट आधी रिकामं होतं, आणि तिला शेतीशाळेचं बोलावणंही नसतं.

नवी योजना आणावी, असं मला वाटत नाही. योजना आहेत. 'आत्मा' या कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेच्या मार्गदर्शक सूचनांत महिलांच्या अन्नसुरक्षा गटांची तरतूद आहे. 'उमेद' या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचत गटांतून पोषण परसबागा होतात. कृषी विज्ञान केंद्रांत गृहविज्ञानाच्या तज्ज्ञ आहेत. ९ ऑगस्टला कृषी खातंच रानभाजी महोत्सव भरवतं, आणि तो चांगला असतो, मी आवर्जून जातो. पण यातली प्रत्येक गोष्ट मुख्य कामाच्या कडेला आहे. मुख्य काम अजूनही हेक्टर आणि क्विंटल हेच आहे. बदलायचं ते मुख्य काम. एप्रिल-मेमध्ये खरीप हंगामाची आढावा बैठक होते, बियाणं किती, खत किती, कर्ज किती याचा हिशेब होतो. त्या टेबलावर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याने आपल्या तालुक्यातल्या कुपोषित मुलांच्या गावांची यादी घेऊन बसावं. त्या गावांना मूग, उडीद, चवळी, बाजरीची प्रात्यक्षिकं आधी मिळावीत. प्रात्यक्षिकाचं मूल्यमापन करताना एकरी उतारा विचारतात, त्याच्या शेजारी घरात किती ठेवलं हा एक रकाना असावा. शेतीशाळेला घरातली दोघं यावीत, आणि वेळ अशी असावी की बाईला येता येईल. तणनाशकाच्या प्रत्येक शिफारशीसोबत खाण्याच्या वनस्पतींचं काय करायचं, हे त्याच कागदावर छापलेलं असावं.

हे शेवटचं तर आजही, कोणाच्या आदेशाशिवाय करता येतं. त्या दिवशी कडुनिंबाखाली काकूंचा प्रश्न पुढे पोहोचला असता, तर कृषी सहायकांना एवढं सांगता आलं असतं: काकू, वाऱ्याच्या वरच्या अंगाची धुऱ्याकडची चार तासं सोडून फवारा, ती हाताने निंदा, घोळ नि तांदुळजा तिथलाच खुडा. फवारलेल्या भागातली भाजी खाऊ नका. आणि पेरताना त्याच तासांत मूठभर अंबाडी नि चवळी टाका. सांगायला एखादं मिनिट लागलं असतं, आणि सतरंजीच्या कडेला बसलेल्या सगळ्या बायकांनी ते ऐकलं असतं.